वऱ्हाडातील जुने पुस्तक : अल्पवित्त संग्राहक आणि अभिजाताची जडणघडण

मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी ग्रंथकार, प्रकाशक, नियतकालिके आणि टीकाकार यांची तपशीलवार नोंद ठेवली आहे. पुस्तक एकदा विकले गेले की पुढे त्याचे काय होते, या प्रश्नाकडे मात्र त्यांनी क्वचितच लक्ष दिले. पुस्तकाचे आयुष्य पहिल्या गिऱ्हाइकापाशी संपत नाही. ते उसने दिले जाते, परत येत नाही, वाटणीत दुसऱ्या भावाकडे जाते, माळ्यावर चढते, रद्दीच्या तराजूत पडते आणि क्वचित तिथून एखाद्या तिसऱ्याच माणसाच्या हाती लागते. हा तिसरा माणूस बहुधा शिक्षक किंवा कारकून, नवे पुस्तक घेण्याची ऐपत बेताची आणि ग्रंथांची ओढ मात्र बेताची नसलेला असा असतो. आज जे वाङ्मय अभिजात मानले जाते त्याच्या जडणघडणीत या माणसाचा वाटा किती, हे तपासायचे तर पुण्या-मुंबईपेक्षा वऱ्हाडाकडे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. पुण्या-मुंबईत पुस्तक निर्माण होत होते. अमरावती-अकोल्यात ते येत होते, आणि आलेले टिकवावे लागत होते.

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण या प्रदेशाच्या समृद्धीविषयी सांगते. तेथील वाचकाच्या खिशाविषयी ती काहीच सांगत नाही. निजामाने १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाचे भाव चढले, आणि अमरावती, खामगाव या बाजारपेठा मुंबईच्या व्यापाऱ्यांना तोंडपाठ झाल्या. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ भुसावळहून अकोला-बडनेऱ्यामार्गे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. जाणाऱ्या गाड्यांनी कापसाच्या गाठी नेल्या. येणाऱ्या गाड्यांनी कापड, यंत्रे, पंचांगे आणि पुस्तकांची पार्सले आणली. १८६९ मध्ये मुंबईत जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला, आणि १८७७ पासून टपालखात्याने व्ही. पी.ची सोय सुरू केली. पोस्टमनच्या हाती किंमत ठेवून पुस्तक सोडवून घ्यावयाचे, ही रीत वऱ्हाडातील सुशिक्षितांच्या अंगवळणी पडली. या सोयीत एक अन्याय दडलेला होता. पुण्याच्या वाचकाला जे पुस्तक छापील किमतीला मिळे, तेच अकोल्याच्या वाचकाला टपालहशील जोडून घ्यावे लागे. दूरच्या वाचकाला प्रत्येक नवे पुस्तक थोडे अधिक महाग पडते, हे ग्रंथव्यवहाराचे साधे गणित वाङ्मयाच्या इतिहासात कोठेच मांडलेले आढळत नाही.

त्यावरचा पहिला उपाय म्हणजे वर्गणी काढून सामाईक वाचन. आज बाबूजी देशमुख वाचनालय या नावाने ओळखले जाणारे अकोल्याचे ग्रंथालय १८६० इतके जुने आहे. म्हणजे रेल्वे यायच्या आधी आणि ‘निबंधमाला’ निघण्याच्या (१८७४) चौदा वर्षे आधी अकोल्यात वाचनालय होते. ही गोष्ट स्थानिक अभिमानापलीकडे महत्त्वाची आहे. मराठी मुद्रणाच्या अभ्यासात १८६७ पर्यंतच्या मुद्रितांना ‘दोलामुद्रिते’ अशी संज्ञा आहे. त्या वर्षी पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि ग्रंथनिर्मितीचा सरकारी हिशेब सुरू झाला. आज दुर्मीळ म्हणून ज्यांचा शोध घेतला जातो ती दोलामुद्रिते ज्या काळात चालू पुस्तके होती, त्या काळात अकोल्यात ती वाचणारे लोक एकत्र येत होते.

याच अकोल्यात गोपाळ गणेश आगरकर शाळकरी वयात राहिले. टेंभूसारख्या लहान गावी जन्मलेला, दारिद्र्याने गांजलेला हा मुलगा आप्तांच्या आश्रयाने अकोल्यास आला आणि १८७५ मध्ये प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन पुण्यास गेला. आगरकरांच्या गरिबीच्या कथा चरित्रकारांनी पुरेशा सांगितल्या आहेत, किंबहुना थोड्या अधिकच. त्यांच्या एकुलत्या सदऱ्याचा जितका उल्लेख होतो तितका त्यांनी वाचलेल्या पुस्तकांचा होत नाही. पुस्तक विकत घेणे ज्याला शक्य नाही त्याच्यापुढे तीन मार्ग असतात : शाळेची लायब्ररी, गुरूचे कपाट आणि उसने आणून उतरवून घेणे. आगरकरांच्या बाबतीत दुसरा मार्ग विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यामुळे खुला झाला असावा. महाजनी अकोल्याच्या हायस्कुलाशी आणि पुढे वऱ्हाडच्या शिक्षणखात्याशी निगडित होते. त्यांनी शेक्सपिअरच्या ‘सिंबेलिन’चे ‘तारा’ हे मराठी रूपांतर १८७९ मध्ये केले. आगरकरांचे ‘हॅम्लेट’चे भाषांतर ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. एका आडगावच्या शाळेशी संबंध असलेल्या गुरुशिष्यांनी चार-पाच वर्षांच्या अंतराने शेक्सपिअर मराठीत आणावा, हा योगायोग मानण्यापेक्षा त्या शाळेच्या परिसरात कोणती पुस्तके हाताशी होती याचा तो पुरावा मानणे सयुक्तिक ठरेल. महाजनी पुढे १९०७ च्या पुण्याच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. १९१२ मध्ये हरि नारायण आपट्यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन अकोल्यातच भरले.

सामाईक वाचनाने भूक वाढते, ती भागत नाही. पुस्तक आपले असावे ही इच्छा निर्माण झाली की संग्रहाचा आरंभ होतो, आणि अल्पवित्त वाचकाचा संग्रह नेहमी हप्त्यांनी होतो. मराठीतील मोठे ग्रंथप्रकल्प या हप्तेवारीवरच उभे राहिले. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे शालेय शिक्षण अमरावतीत झाले. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाची योजना त्यांनी प्रथम नागपुरात उभी केली, भागधारक आणि आगाऊ वर्गणीदार गोळा करीत ते गावोगाव हिंडले आणि १९२० च्या दशकात पुण्याहून त्या कोशाचे तेवीस खंड बाहेर पडले. पहिले पाच प्रस्तावनाखंड, मग अकारादी सोळा, शेवटी सूची आणि पुरवणी अशी त्यांची रचना आहे. एवढा संच एकदम घेणे मध्यमवर्गीयाला अशक्यप्राय होते. वर्गणीने ते शक्य झाले. वर्गणीदारीत मात्र एक धोका असतो. बदली होते, नोकरी जाते, कर्ता पुरुष वारतो, आणि संच अर्धवट राहतो. म्हणून जुन्या बाजारात ज्ञानकोश जेव्हा दिसतो तेव्हा बहुधा सुटा दिसतो. कुणापाशी ‘वेदविद्या’ असते आणि ‘बुद्धपूर्व जग’ नसते. अशा विस्कळीत संचातून ज्ञानकोश वाचणाऱ्या वाचकाच्या मनात केतकरांची जी प्रतिमा उमटते ती संपूर्ण ज्ञानकोश समोर ठेवून लिहिणाऱ्या अभ्यासकाच्या प्रतिमेहून निराळी असते. पहिले पाच खंड ज्याच्या हाती येतात त्याला केतकर इतिहासमीमांसक वाटतात. मधला एखादा अकारादी खंड ज्याला मिळतो त्याला ते संकलक वाटतात. केतकरांविषयीच्या मतभेदांचे मूळ काही अंशी वाचनसामग्रीच्या या असमान वाटपात असावे, असा तर्क करण्यास जागा आहे.

येथवर मुद्रित पुस्तकाचा विचार झाला. परंतु वऱ्हाडातील अल्पवित्त संग्राहकाने मराठी वाङ्मयाच्या इतिहासावर जो सर्वांत खोल ठसा उमटविला तो हस्तलिखितांच्या क्षेत्रात. तो ठसा रिद्धपूरचा आहे.

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे क्षेत्र. गोविंदप्रभूंचे वास्तव्य तेथे होते, आणि तेथेच तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा संकलित केल्या. मराठीतील हा पहिला मोठा गद्यग्रंथ. त्याची मूळ प्रत खालशाच्या धाडीत नष्ट झाली आणि शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा सिद्ध केली, असे पंथाची परंपरा सांगते. निरनिराळे पाठ त्यातूनच निर्माण झाले. पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत ठेवले. त्यामुळे मराठीच्या आद्य गद्याचा फार मोठा भाग शतकानुशतके मठांच्या पेट्यांत होता आणि मराठी टीकाकारांच्या दृष्टीने तो नव्हताच. एकोणिसाव्या शतकात ज्यांनी मराठी वाङ्मयाची परंपरा आखली त्यांना लीळाचरित्र ठाऊक नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या परंपरेचा आरंभ पद्यापासून का होतो याचा उलगडा होतो.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी राजवाड्यांनी लिपीची किल्ली उलगडली. ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे हे मिठाचे व्यापारी. केवळ मराठी ग्रंथांसाठी १८९३ मध्ये स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संस्थापकांपैकी ते एक. ‘महाराष्ट्र सारस्वता’च्या १९१९ च्या आवृत्तीत त्यांनी महानुभाव वाङ्मयाला जागा दिली. तथापि किल्ली सापडली म्हणून पेटी हाती येत नाही. पोथ्या वऱ्हाडात होत्या, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे काम वऱ्हाडातल्याच माणसांना करावे लागले. यवतमाळचे वकील यशवंत खुशाल देशपांडे यांनी ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ मध्ये सिद्ध केला आणि शारदाश्रम ही संस्था उभारून तिथे हस्तलिखितांचा संग्रह केला. नागपुरात हरि नारायण नेने यांनी १९३० च्या दशकात लीळाचरित्राचे भाग छापण्यास प्रारंभ केला. बुलढाणा जिल्ह्यातील नरवेलच्या शेतकरी कुटुंबातून आलेले विष्णु भिकाजी कोलते अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात अध्यापक होते. भास्करभट्ट बोरीकरांवरील त्यांचा ग्रंथ १९३५ चा आहे, आणि त्यांनी संपादिलेले लीळाचरित्र महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले ते १९७८ मध्ये. या दोन तारखांमध्ये त्रेचाळीस वर्षे आहेत.

या संशोधनाकडे संग्रहाच्या दृष्टीने पाहिले तर त्याचे एक वैशिष्ट्य डोळ्यांत भरते. येथे खरेदीचा प्रश्न जवळजवळ उद्भवत नव्हता. पोथी ही पूज्य वस्तू. ती विकायची नसते. ती पाहायला मिळते ती महंतांच्या विश्वासावर, आणि आपली होते ती उतरवून घेतल्यावर. नक्कल हाच येथे संग्रहाचा मार्ग होता. तिची किंमत वेळात आणि दृष्टीत मोजायची. शाईदौत, कोरे कागद आणि मठात बसून घालवलेल्या सुट्ट्या एवढ्या भांडवलावर हे काम होण्याजोगे होते. श्रीमंत संग्राहक जिथे पैशाने पोहोचू शकत नाही तिथे नोकरदार अध्यापक चिकाटीने पोहोचतो, हा प्रकार जगाच्या ग्रंथेतिहासात विरळा आहे. युरोपातील मठांच्या ग्रंथसंग्रहांची वाटचाल याच्या उलट झाली. तेथे मठ विसर्जित झाले, पोथ्या लिलावात निघाल्या आणि उमरावांच्या दिवाणखान्यांतून विद्यापीठांत गेल्या. वऱ्हाडात मठ राहिले, पोथ्या मठांतच राहिल्या, आणि बाहेर आल्या त्या त्यांच्या नकला. मराठी गद्याचा आरंभ तेराव्या शतकात नेऊन ठेवणाऱ्या या घटनेने मराठी वाङ्मयेतिहासाची पहिली पाने नव्याने लिहावी लागली.

१९२३ हे वर्ष या प्रदेशाच्या वाङ्मयीन जीवनात महत्त्वाचे ठरले. विदर्भ साहित्य संघाची स्थापना त्या वर्षी अमरावतीत झाली, किंग एडवर्ड महाविद्यालय तेव्हाच निघाले आणि नागपूर विद्यापीठही त्याच वर्षीचे. साहित्य संघ पुढे नागपूरला गेला. मात्र विद्यापीठामुळे अमरावती-अकोल्यात एक नवी वस्तू मोठ्या संख्येने येऊ लागली : नेमलेले पुस्तक. या दोन शहरांतील जुन्या पुस्तकांच्या व्यापाराचा कणा आजही तोच आहे. निकाल लागतात, जून उजाडतो, आणि गेल्या वर्षीची पुस्तके अर्ध्या किमतीत हात बदलतात. या उलाढालीचा हेतू वाङ्मयीन नाही. परंतु मोरोपंत, वामनपंडित, चिपळूणकर, केशवसुत हे सामान्य घरांत पोहोचले ते प्रामुख्याने या वाटेने. अभ्यासक्रम बदलला की कालचे नेमलेले पुस्तक एका दिवसात निरुपयोगी ठरते आणि त्याची किंमत कोसळते. बरोबर त्याच क्षणी अल्पवित्त संग्राहक पुढे होतो. विद्यापीठाने ज्याला अभिजात म्हणून नेमले आणि मग वगळले, ते त्याच्या घरी राहते. अभिजाताची जी व्याख्या समीक्षक करतात त्यात मूल्याचा विचार असतो. येथे किंमत उतरल्यावरही ज्याला घेणारा भेटतो ते अभिजात, अशी एक दुसरीच कसोटी नकळत लागू झालेली दिसते. ही कसोटी निर्दोष आहे असे नव्हे. मार्गदर्शिका आणि प्रश्नोत्तरांच्या वह्याही त्याच ढिगातून घरी जातात.

हाती आलेली आवृत्ती कोणती, हा प्रश्न येथे कळीचा होतो. तुकारामाचे उदाहरण घ्यावे. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेली गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ ते १८७३ या काळात दोन भागांत निघाली. १९५० ची सरकारी गाथा तिच्या आधारे झाली. तिच्यात ४६०७ अभंग आहेत. यांच्या जोडीला सांप्रदायिक गाथा आहेत. त्यांचा क्रम निराळा, संख्या निराळी, पाठही जागोजाग निराळे. ज्ञानेश्वरीचेही तेच. १९०९ च्या राजवाडे प्रतीची भाषा आणि साखरे परंपरेतील छापील ज्ञानेश्वरीची भाषा शेजारी ठेवली तर दोन वेगळ्या शतकांत उभे असल्याचा भास होतो. १९६० मध्ये महाराष्ट्र शासनाने राजवाडे प्रतीवर आधारलेली ज्ञानेश्वरी स्वस्तात उपलब्ध करून दिली, तोवर वऱ्हाडातील सामान्य वाचकाच्या घरात कोणती ज्ञानेश्वरी होती? बहुधा वारकरी घरातून आलेली, पारायणाने पानांचे कोपरे झिजलेली सांप्रदायिक प्रत. त्या वाचकाने ज्ञानेश्वरांच्या भाषेविषयी जी मते बनवली ती त्या प्रतीच्या भाषेविषयीची मते होती. विद्वानाला पाठचिकित्सेची सोय असते, कारण त्याच्या टेबलावर चार प्रती असतात. एकच प्रत असलेल्या वाचकाला पाठभेद ठाऊक नसतो. त्याच्या दृष्टीने जे छापले आहे ते ज्ञानेश्वरांनी लिहिले आहे. ज्या दिवशी रद्दीच्या ढिगात त्याला दुसरी प्रत सापडते त्या दिवशी त्याच्यातला समीक्षक जन्माला येतो, असे म्हणण्यात अतिशयोक्ती फार नाही.

रद्दीचे अर्थशास्त्रही पाहण्याजोगे आहे. रद्दीवाला वजनाने घेतो. वर्तमानपत्राच्या रद्दीला भाव बरा मिळतो, कारण तिच्या पुड्या होतात. पुस्तकाला कमी, कारण पुठ्ठा आणि शिवण काढावी लागते. म्हणजे ज्या बांधणीने पुस्तक टिकते तीच त्याची किंमत पाडते. संग्राहकाच्या दृष्टीने ही इष्टापत्ती होय. पुठ्ठ्याची जाड बांधणी केलेले ‘विविधज्ञानविस्तारा’चे किंवा ‘सत्यकथे’चे खंड वजनाच्या भावाने मिळण्याची शक्यता या विसंगतीतून निर्माण होते. मात्र त्याला गाठावे लागते ते वेळेवर. रद्दीच्या दुकानात पुस्तक थांबत नाही, ते कागदाच्या गिरणीकडे निघालेले असते. म्हणून या छंदात पैशापेक्षा रोजची फेरी महत्त्वाची. शाळा सुटल्यावर घरी जाताना वाट वाकडी करणारा मास्तर या शहरांत जुन्या पिढीला परिचित आहे. पानावरची आधीच्या मालकांची नावे, बक्षीस म्हणून मिळाल्याची चिठ्ठी, शाळेचा अर्धवट पुसलेला शिक्का, मागच्या पानांवरील त्याच प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची किमतींसह जाहिरात, हे सारे त्याला फुकट मिळते. वाचनाच्या इतिहासाची ही अस्सल साधने आहेत. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची १९४३ मध्ये प्रसिद्ध केली. कोणते पुस्तक निघाले हे तिच्यावरून कळते. ते पुस्तक वऱ्हाडात कुणी, कोणत्या वर्षी, कितव्या हाताने वाचले हे कळण्यासाठी मुखपृष्ठाच्या आतली सही पाहावी लागते.

वऱ्हाडचे हवामान कागदाला अनुकूल नाही. अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वापरात आलेला लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद या उष्णतेत तपकिरी होऊन बिस्किटासारखा मोडतो. दुसऱ्या महायुद्धातील कागदटंचाईच्या वर्षांत छापलेली पुस्तके तर हात लावताच गळतात. पावसाळ्यात वाळवी आणि कसर येते. कडुनिंबाची पाने, वेखंडाचे तुकडे आणि दसऱ्याच्या आधीचे ऊन, एवढाच उपचार साध्या घराला परवडतो. जुन्या हातकागदावरील पोथ्या त्यामानाने सुस्थितीत राहतात. तेराव्या शतकातील मजकुराच्या सतराव्या-अठराव्या शतकातील नकला नीट वाचता येतात आणि १९४३ ची कादंबरी वाचता येत नाही, असा विपरीत प्रकार त्यामुळे घडतो.

या संग्राहकाची निवड कोठे चुकली हेही पाहणे आवश्यक आहे. वाचनालयांचे सभासद, शिक्षक, वकील, कारकून हा वर्ग दीर्घ काळ मुख्यतः उच्चवर्णीय होता, आणि त्याच्या कपाटात त्याच्या अभिरुचीला रुचेल तेच आले. वऱ्हाडात सत्यशोधक चळवळीचा चांगला प्रसार होता. तिच्या जलशांची पदे, चोपड्या, पत्रके बाजारात आणि सभांतून खपत. ती चार-आठ पानी, शिवणीविना, स्वस्त कागदावरची. ती कुणी बांधून ठेवली नाहीत. आंबेडकरी चळवळीच्या आरंभीच्या पुस्तिकांची गतही फारशी वेगळी झाली नाही. त्या जिथे टिकल्या तिथे चळवळीतल्या माणसांच्या पेट्यांत टिकल्या. महात्मा फुल्यांचे समग्र वाङ्मय धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली शासनाने १९६९ मध्ये प्रकाशित केले, त्यापूर्वी ‘गुलामगिरी’ वाचू इच्छिणाऱ्या अमरावतीच्या वाचकाला ते पुस्तक मिळवणे दुरापास्त होते. निर्णयसागरी काव्यसंग्रह मात्र मिळे. अभिजाताची निर्मिती संग्रहातून होते असे मानले तर जे संग्रहात आले नाही त्याचा हिशेब द्यावा लागतो, आणि तो हिशेब येथे जड आहे. साहित्य संस्कृती मंडळाच्या आणि शासनाच्या स्वस्त प्रकाशनांनी ही बाजू काही प्रमाणात सावरली. ज्याच्या पूर्वजांच्या घरात पुस्तक नव्हते त्याचा पहिला संग्रह या सरकारी पुस्तकांचा झाला.

प्रादेशिक लेखनाच्या बाबतीतही संग्रहाचा न्याय विचित्र आहे. अमरावतीच्या उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० मध्ये आली आणि मराठी कादंबरीच्या इतिहासात तिला स्थान मिळाले. तिच्या आवृत्त्या निघाल्या. याच शेळक्यांनी उपजीविकेसाठी लोकप्रिय कादंबऱ्या मोठ्या संख्येने लिहिल्या. वाचनालयांतून त्या हातोहात फिरल्या, फाटल्या आणि नाहीशा झाल्या. समीक्षेने ज्यांची दखल घेतली नाही त्यांची प्रत ठेवण्याचे कारण ग्रंथालयाला उरले नाही. प्रती नाहीत म्हणून पुढील समीक्षकाला दखल घेणे शक्य राहिले नाही. लेखनावर पोट भरू पाहणाऱ्या वऱ्हाडी लेखकाचे संपूर्ण वाङ्मयीन चरित्र लिहावयाचे झाल्यास या पुस्तकांवाचून ते अपुरे राहील, आणि आता ती शोधायची तर जुन्या बाजाराखेरीज ठिकाण नाही.

ग्रंथालयांची भूमिका येथे दुहेरी आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागले, नवी पुस्तके येऊ लागली. जागा मात्र वाढली नाही. फाटकी, जीर्ण, मागणी नसलेली पुस्तके दाखल-नोंदवहीतून कमी करण्याला ग्रंथालयीन परिभाषेत निर्लेखन म्हणतात. मागणी नसणे हा निकष कथा-कादंबऱ्यांच्या दृष्टीने ठीक आहे. परंतु १८८५ च्या एखाद्या भाषांतराला मागणी कशी असणार? शंभर वर्षांत एकदा एक अभ्यासक ते मागतो, आणि तेव्हा ते नोंदवहीत लाल रेघेखाली असते. त्या पुस्तकाचा पुढचा प्रवास रद्दीकडे आणि क्वचित संग्राहकाकडे होतो. अशा प्रतींवर दोन शिक्के असतात, एक दाखल झाल्याचा आणि एक रद्द झाल्याचा. दोहोंमधील अंतर मोजले तर त्या गावाच्या अभिरुचीचा आलेख निघू शकतो.

अलीकडे या प्रश्नाला नवे परिमाण लाभले आहे. हजारो जुनी मराठी पुस्तके प्रतिमारूपाने संगणकावर आली आहेत, आणि मोबाईल बाळगणाऱ्या विद्यार्थ्याला एकोणिसाव्या शतकातील ग्रंथ विनामूल्य वाचता येतो. अल्पवित्त वाचकाला एवढी श्रीमंती यापूर्वी कधीच लाभली नव्हती, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. संख्येने अद्याप फार थोडी वऱ्हाडी पुस्तके तिथे आहेत, आणि स्थानिक छापखान्यांतून निघालेली स्मरणिका, काव्यसंग्रह, संमेलनवृत्ते यांसारखी सामग्री तर जवळजवळ नाहीच. जे प्रथम कुणीतरी जपले त्याचीच प्रतिमा घेता येते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे. आद्य गद्याच्या भूमीत पोथ्यांच्या अभ्यासाला आता संस्थात्मक आधार आहे. मधल्या काळातील, म्हणजे साधारणतः १८५० ते १९६० या शतकातील मुद्रिताला मात्र अमरावती-अकोल्यात तसे घर नाही. दादासाहेब खापर्ड्यांसारख्या राष्ट्रीय पुढाऱ्याच्या रोजनिश्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेल्या. अमरावतीच्या एखाद्या शिक्षकाने चाळीस वर्षांत जमवलेली दोन हजार पुस्तके त्याच्या पश्चात कोठे जावीत, याची कोणतीही व्यवस्था नाही. मुले पुण्याला किंवा परदेशी असतात, घर विकायचे असते. महाविद्यालयाला ती विकत घ्यायची म्हटली तर दरपत्रक, पावती आणि अंकेक्षण आडवे येते, आणि रद्दीवाला पावती देत नाही. राहतो तो देणगीचा मार्ग. देणगी स्वीकारली तर नोंद करण्यास माणूस हवा. नसल्यास गठ्ठे बांधलेलेच राहतात, त्यांवर देणगीदाराच्या नावाची चिठ्ठी असते, आणि काही वर्षांनी निर्लेखनाच्या यादीत प्रथम त्यांचाच क्रमांक लागतो.